कॅलिफोर्नियात संगणकशास्त्रासाठी आधी कम्युनिटी कॉलेज: शहाणपणाचे की तोट्याचे?

धागाकर्ता: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसीच्या) बर्कली किंवा लॉस अँजेलिस (यूसीएलए) कॅम्पसमध्ये संगणकशास्त्राला थेट प्रवेश मिळाला नाही की सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या मराठी घरांत मूल हरल्यासारखे बोलले जाते, हे मला अन्यायाचे वाटते. फ्रीमाँटच्या ओलोनी किंवा प्लेझंट हिलच्या डायब्लो व्हॅलीसारख्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात राज्यातील रहिवाशांना एका युनिटमागे (श्रेयांकामागे) ४६ डॉलर शुल्क पडते. तिथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात ट्रान्स्फर मिळण्यासाठी लागणाऱ्या ६० युनिटांचा हिशेब २,७६० डॉलर होतो, आणि यूसीत केवळ एका वर्षाच्या शिक्षणशुल्काचे सुमारे १५ हजार. शिवाय ही पळवाट नव्हे, १९६० च्या राज्य उच्चशिक्षण आराखड्यानेच ती आखलेली आहे. आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत जाणाऱ्या मुलांना आपण कमी लेखत नाही, मग इथेच का?

प्रतिसाद, याच मार्गाने गेलेली विद्यार्थिनी: शुल्काचा हिशेब बरोबर आहे, पण संगणकशास्त्रात खरी टंचाई वेळेची असते. डेटा स्ट्रक्चर्स झाल्याशिवाय अल्गोरिदम घेता येत नाही आणि पुढचे विषयही असेच एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षात आलेल्याला ही सगळी साखळी चार सत्रांत बसवावी लागते. त्यातच उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, म्हणजे नव्या विद्यापीठात वर्ग कुठे भरतो हे कळायच्या आत मुलाखती देणे भाग पडते; तिथे पहिल्या वर्षापासून शिकणाऱ्यांकडे तोवर प्राध्यापकांची ओळख, प्रकल्प आणि बहुधा एक इंटर्नशिपही असते. हमीचा प्रवेश, ज्याला टॅग म्हणतात, तो बर्कली, लॉस अँजेलिस आणि सॅन डिएगोत मुळी नाहीच, आणि सांता बार्बराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही, म्हणजेच तिथल्या संगणकशास्त्रालाही, तो लागू नाही.

प्रतिसाद, एक पालक: पुण्याहून थेट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी ४६ डॉलरच्या आकड्यावर जाऊ नये. त्यांना अनिवासी शुल्क पडते, ते कितीतरी जास्त असते.

धागाकर्ता: वेळेचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यावर इलाज आहे. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो, हे असिस्ट या संकेतस्थळावर शाखेनुसार दिलेले असते. पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस आणि प्रोग्रॅमिंग एकत्र सुरू केले, तर लिनियर अल्जिब्रा, डिस्क्रीट गणित आणि डेटा स्ट्रक्चर्स दोन वर्षांत उरकतात. आणि कम्युनिटी कॉलेजातले प्राध्यापक शिकवण्यासाठीच नेमलेले असतात, तीस-चाळीस मुलांच्या वर्गात शंका विचारता येते. बर्कलीच्या पहिल्या वर्षाच्या हजारभर मुलांच्या वर्गात ते सुख नाही.

प्रतिसाद, याच मार्गाने गेलेली विद्यार्थिनी: कॅल्क्युलसला थेट बसण्याइतकी तयारी असलेल्यांसाठी हे खरे आहे. पण ज्याला आधी प्रीकॅल्क्युलस घ्यावे लागते, किंवा ज्याच्या कॉलेजात डिस्क्रीट गणित वर्षातून एकदाच असते, त्याची दोन वर्षे सहज तीन होतात, आणि मग वाचलेल्या शुल्कासमोर पदवीनंतरच्या एका वर्षाचा पगार मांडावा लागतो. म्हणून नाव नोंदवण्याआधी काउन्सेलरबरोबर बसून चारही सत्रांचे वेळापत्रक कागदावर उतरवावे, आणि ते बसत नसेल तर यूसीच्या मर्सिड किंवा रिव्हरसाइडचा, नाहीतर सॅन होजे स्टेट विद्यापीठाचा थेट प्रवेश नाकारू नये.