ऑडिट अहवालातील ‘फेअर’ हा शेरा कसा वाचावा?

सेक्टरवासी (वाशी): आमच्या सोसायटीची इमारत ३० वर्षांहून जुनी असल्याने आम्ही स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतले. इंग्रजी अहवालात जिन्याच्या आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबपुढे ‘फेअर’ असा शेरा आहे. कमिटीतील काही सभासदांच्या मते फेअर म्हणजे रास्त (‘फेअर प्राइस शॉप’ म्हणजे रास्त भाव दुकान, हा त्यांचा दाखला), म्हणून दुरुस्तीचा विषय सर्वसाधारण सभेपुढे नेण्याचे कारण नाही. हा अर्थ येथे लागू होतो का?

निवृत्त इंग्रजी शिक्षक (ठाणे): लागू होत नाही. जुन्या इंग्रजीत या विशेषणाचा अर्थ ‘सुंदर’ असा होता. त्यातूनच निर्दोष, निःपक्षपाती, गोरा असे अर्थ फुटत गेले आणि ‘बऱ्यापैकी’ हा अर्थ बराच उशिरा रूढ झाला. (जत्रेला म्हणतात तो ‘फेअर’ लॅटिनमधून आलेला निराळाच शब्द आहे.) नेमका अर्थ ओळखायचा असेल तर विरुद्धार्थी शब्द लावून पाहावा. व्यवहार, भाव किंवा निकाल ‘अनफेअर’ असू शकतो, त्यामुळे तेथे फेअर म्हणजे न्याय्य. पण ‘अनफेअर स्लॅब’ असे कोणीही म्हणणार नाही. स्थितीचे वर्णन करताना या शब्दाचे शेजारी ‘गुड’ आणि ‘पुअर’ हे असतात आणि त्या क्रमात फेअर ‘गुड’च्या खाली बसतो. आपल्याकडे प्रकृती ‘बरी आहे’ म्हणताना जी कसर उरते, तीच येथेही आहे.

साइट इंजिनिअर (कोपरखैरणे): सरांशी सहमत आहे. रिबाउंड हॅमर चाचणीच्या प्रचलित तक्त्यात सरासरी वाचन ३० ते ४० असेल तर काँक्रीटचा पृष्ठभाग ‘गुड’, २० ते ३० असेल तर ‘फेअर’ आणि २०च्या खाली ‘पुअर’ धरतात. अर्थात ही चाचणी पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते, आतल्या सळईला गंज चढला आहे की नाही हे सांगत नाही. आणि खाडीलगतच्या खाऱ्या हवेत खरा धोका गंजाचाच असतो. त्यामुळे विशेषणावर वाद घालण्यापेक्षा अहवालातील वर्गवारी पाहावी. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी इमारत. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. यांपैकी कोणत्याही वर्गात ‘काहीच करू नये’ असा अर्थ नाही.

सेक्टरवासी (वाशी): दोघांचेही आभार. निष्कर्षाच्या पानावर वर्ग सी-२बी लिहिलेला आहे. सगळे जण तक्त्यातील शेऱ्यांवरच अडकले होते. सभेच्या नोटिशीत ‘फेअर’साठी कोणता मराठी शब्द वापरावा?

निवृत्त इंग्रजी शिक्षक (ठाणे): ‘मध्यम’ लिहावा आणि त्याच ओळीत ‘वर्ग सी-२बी, संरचनात्मक दुरुस्ती आवश्यक’ असेही नमूद करावे. ‘समाधानकारक’ हा शब्द मात्र कटाक्षाने टाळावा.