गळलेली शिंगे: गावाला वापरू द्यावीत की जंगलातच राहू द्यावीत?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

मोहफूल

नागझिरा अभयारण्याच्या सीमेवरील एका खेड्यात माझे बालपण गेले. मोहफुले वेचायला गेलेल्या बायकांच्या टोपलीत त्या काळी अधूनमधून सांबराचे एखादे शिंग घरी येत असे, आणि आजोबांच्या सुरीची मूठ अशाच शिंगाची होती. चितळ आणि सांबर यांची शिंगे गळतात व त्या जागी नवी उगवतात. काळवीट किंवा चिंकारा यांचे शिंग मात्र जन्मभराचे असते. ते हाती लागले तर जनावर मेले आहे असेच समजावे. हा भेद मांडण्याचे कारण इतकेच की, गळलेले शिंग उचलल्याने कोणत्याही प्राण्याला इजा होत नाही.

तरीही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘ट्रॉफी’च्या (वन्यप्राण्याच्या जतन केलेल्या भागाच्या) व्याख्येत शिंग येते आणि त्याचा व्यापार करता येत नाही. याच कायद्यात मोराच्या शेपटीच्या पिसांना मात्र सूट आहे. गळलेले पीस चालते, तर गळलेले शिंग का चालू नये? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. तशाच पद्धतीने ग्रामसभेने शिंगे वेचावीत, वनखात्याकडे त्यांची नोंद करावी आणि लिलावाचा पैसा गावाला मिळावा, असे माझे मत आहे. मुठी, गुंड्या, औषधे यांसाठी उपयोगी पडणारी वस्तू जंगलात पडून वाया जाते, याचे मला वाईट वाटते.

पाणवठा

आपल्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे.

गळलेल्या शिंगाचा बुंधा हातात घेऊन पाहावा. बुंध्याभोवतीच्या बांगडीसारख्या दाणेदार कड्याच्या खाली त्याचा तळ किंचित फुगीर आणि खरखरीत असतो, आणि त्याला कवटीचे हाड चिकटलेले नसते. मारलेल्या जनावराचे शिंग कवटीच्या तुकड्यासह निघते किंवा कुऱ्हाडीने, करवतीने तोडलेले असते. शिंग अखंड आहे तोवर अनुभवी वनरक्षकाला हा फरक ओळखता येतो. मात्र एकदा कड्याच्या वरून करवत फिरली, की उरलेल्या तुकड्यापासून बनवलेली मूठ, गुंडी किंवा भस्म जमिनीवरून उचललेल्या शिंगाचे आहे की गोळी घातलेल्या सांबराचे, हे सांगण्याचा कोणताही मार्ग राहत नाही. मूठ किंवा गुंडी असेल, तर डीएनए तपासणीने प्राणी कोणता ते कळेल. त्याचे शिंग कसे मिळवले ते कळणार नाही. आपण ज्या उपयोगांची यादी दिली आहे, ते सगळे उपयोग नेमका हाच पुरावा पुसून टाकणारे आहेत.

मोराच्या पिसांची सूट मला अनुकरणीय वाटत नाही. गळलेल्या पिसाच्या नावाखाली उपटलेले पीस खपवले जाण्याची भीती तिथेही आहेच. सांबराच्या शिंगाला तर परदेशी सुऱ्यांच्या मुठींसाठी पूर्वी मोठी मागणी होती आणि आपल्याकडून ती शिंगे निर्यात होत असत. ती वाट बंद व्हायला गेल्या शतकाची अखेर उजाडावी लागली. बांबूचा दाखलाही येथे लागू पडत नाही, कारण वनहक्क कायदा, २००६ मध्ये गौण वनोपजाची (इमारती लाकडाखेरीज जंगलातून मिळणाऱ्या मालाची) जी व्याख्या आहे ती वनस्पतिजन्य वस्तूंचीच आहे.

आणखी एक गोष्ट. मोह आणि तेंदूच्या हंगामात पहाटे जंगलात शिरलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात, हे चंद्रपूर जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. मोह निदान ओळखीच्या झाडाखाली पडतो. शिंग कुठे पडेल याचा नेम नसतो, म्हणजे ते शोधणारा माणूस वाट सोडून झुडपांत शिरणार.

दूरदेशी

मी डेन्व्हरला राहतो आणि वायोमिंगमधील जॅक्सन येथे एल्क या मोठ्या हरणाच्या शिंगांचा लिलाव दोनदा पाहिला आहे. गावालगतच्या राष्ट्रीय एल्क अभयारण्यात हिवाळ्यात हजारो एल्क उतरतात, त्यांची गळलेली शिंगे स्काउटची मुले गोळा करतात आणि मे महिन्यात भर चौकात त्यांचा लिलाव होतो. १९६८ पासून ही प्रथा चालू आहे आणि उत्पन्नाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अभयारण्याच्या कामासाठी परत जातो. चौकाच्या चारही कोपऱ्यांवर शिंगांच्या कमानी आहेत. घेणारे त्यांतून झुंबरे, मुठी आणि कुत्र्यांना चघळायचे तुकडे बनवतात.

मोहफूल यांना हे उदाहरण आवडेल, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगतो. शिंगांना भाव आल्यावर हिवाळ्याच्या शेवटी उपासाने खंगलेल्या कळपांमागे माणसे लागू लागली, आणि म्हणून वायोमिंगच्या पश्चिम भागातील सार्वजनिक जमिनीवर १ मेपूर्वी शिंग उचलण्यास बंदी घालावी लागली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर ते केव्हाही उचलता येत नाही. शिवाय येथे परवाना घेऊन एल्कची शिकार करता येते आणि शिकारीचे शिंग घरी नेता येते. त्यामुळे गळलेल्या मालात शिकारीचा माल मिसळला तरी कायद्याचे फारसे बिघडत नाही. भारतात शिकारीलाच बंदी असल्याने तिथे ती सरमिसळ हाच खरा धोका आहे. पाणवठा यांचा मुद्दा मला येथे राहूनच पटला.

सहाण

मी वैद्य आहे. घरोघरी सुजेवर किंवा छातीच्या दुखण्यावर सांबरशिंग उगाळून लावत असत, हे अनेकांना आठवत असेल. माझ्या आजीचे शिंग उगाळून उगाळून एका बाजूने आरशासारखे सपाट झाले होते. शृंगभस्मासाठी शिंगाचे तुकडे रुईच्या रसात भिजवून, शरावसंपुटात (तोंडाला तोंड लावलेल्या दोन मातीच्या परळांत) बंद करून गजपुटाची, म्हणजे खड्ड्यात गोवऱ्या पेटवून, आच देतात. खोकला आणि पार्श्वशूल (बरगड्यांतील दुखणे) यांवर ते आजही दिले जाते. मागणी कायम असताना वैध पुरवठाच नसेल, तर ती चोरट्या मालाने भागवली जाईल. वनखात्याने स्वतः जमा केलेली शिंगे मोजून औषधनिर्मात्यांना दिली, तर यात जनावराचे काय नुकसान आहे?

मोहफूल

करवतीचा मुद्दा मी आजवर ध्यानात घेतला नव्हता. खुल्या विक्रीची मागणी मी मागे घेतो. मात्र गावाचा वाटा मी सोडणार नाही. रस्त्याकडेला आणि पाणवठ्यांवर सापडणारी शिंगे वनखात्याने गावातील माणसांना रोजंदारी देऊन वेचून घ्यावीत, ती अखंड ठेवावीत आणि शाळा, महाविद्यालये व निसर्ग माहिती केंद्रे यांना नोंद करून द्यावीत. चितळाच्या शिंगाला तीन टोके का असतात, हे आमच्या भागातील मुलांना अजूनही चित्रावरूनच शिकावे लागते.

पाणवठा

शाळांपर्यंत मी आपल्याबरोबर आहे. कडे शाबूत असलेले अखंड शिंग दिले तर माझी हरकत नाही. सहाण यांच्याशी मात्र सहमत होता येत नाही, कारण भस्माची पुडी सरकारी कोठारातून आली की बाहेरून, हे रुग्णाला कळणार नाही आणि तपासणाऱ्यालाही कळणार नाही. त्यांच्या आजीच्या शिंगासारख्या जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. ज्यांनी तेव्हा नोंद केली नाही, त्यांनी ती वस्तू विकण्याचा किंवा कोणाला देण्याचा विचारही न करता जवळच्या वनाधिकाऱ्यांशी बोलावे.

राहिला ‘वाया जाते’ हा शब्द. मागील हिवाळ्यात साळिंदराच्या बिळाच्या तोंडाशी मला सांबराचे एक शिंग दिसले. त्याचे एक टोक पूर्ण संपले होते आणि उरलेल्या भागावर पटाशीने काढावेत तसे रुंद, जोडीजोडीचे दातांचे चर होते. शिंग म्हणजे हाडच. त्यातील कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी साळिंदर ते ओढत बिळापर्यंत नेते आणि रात्री कुरतडते, आणि चितळही ते चघळताना दिसते. मी ते शिंग उचलले नाही. फेब्रुवारीत पुन्हा त्याच बिळापाशी गेलो, तेव्हा त्याचा केवळ वीतभर बुंधा शिल्लक होता.