स्पोकच्या चाकांतली हवा: अडॅप्टर कायमचा बसवणे हा उपाय नव्हे

घाटवाट

परवा ‘जुनी थंपर’ यांनी येथे फर्मान काढले की, स्पोकच्या चाकात हवा भरता येत नाही म्हणून गळा काढणाऱ्यांनी व्हॉल्व्हचे तोंड बाजूला वळवणारा एल आकाराचा पितळी अडॅप्टर घेऊन तो व्हॉल्व्हवर कायमचा बसवून टाकावा, आणि तेही जमत नसेल तर बिनस्पोकच्या, ओतीव अलॉय चाकांची गाडी घ्यावी. या सल्ल्याचा पहिला भाग धोक्याचा आणि दुसरा उर्मट असल्यामुळे सविस्तर उत्तर देत आहे.

अडचण मुळात कुठे आहे ते पाहा. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० च्या पुढच्या चाकाची रिम १९ इंची, म्हणजे सुमारे ४८३ मिलिमीटर, आणि ब्रेकची डिस्क ३०० मिलिमीटरची. डिस्कची कड आणि रिम यांच्यात जेमतेम ९ सेंटिमीटर उरतात. त्यातून रिमची खोली आणि व्हॉल्व्हची स्वतःची लांबी वजा केली, की पंपावरच्या लांबट, सरळ नोझलला आत शिरायला वाव राहत नाही. त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह थेट हबकडे, म्हणजे चाकाच्या मध्याकडे, तोंड करून उभा असतो आणि दोन्ही अंगांना स्पोक असतात. पंपावरचा मुलगा बिचारा नोझल तिरके दाबतो, रबर नीट बसत नाही, कडेने फुस्स आवाज येत राहतो आणि यंत्र मात्र ३२ पीएसआयचा (हवेच्या दाबाचे एकक) आकडा दाखवून टिंग करून मोकळे होते. तो आकडा नळीतल्या दाबाचा असतो, टायरमधल्या नव्हे. शिवाय घाट उतरून आलेल्या गाडीची डिस्क इतकी तापलेली असते, की बोटांची पेरे भाजतात. काळी भुकटी लागते ती वेगळीच.

आता कायमच्या अडॅप्टरविषयी. याच चाकाची टायरसकट त्रिज्या सुमारे ३३ सेंटिमीटर आणि व्हॉल्व्हचे तोंड मध्यापासून अंदाजे २१ सेंटिमीटरवर धरले, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला २० ग्रॅमचा तो पितळी तुकडा जवळजवळ २ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढला जातो. व्हॉल्व्हची पितळी नळी ट्यूबच्या रबराला जिथे चिकटवलेली असते, ती जागा हा पीळ रोज सोसते आणि एक दिवस तिथेच चीर पडते. ट्यूबची हवा अशा वेळी हळूहळू जात नाही, एकदम जाते. म्हणून अडॅप्टर खिशात ठेवावा, हवा भरताना लावावा, लगेच काढावा आणि आतून रबरी वॉशर असलेली टोपी घट्ट बसवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुनी थंपर

घाटवाट साहेब, हिशेब उत्तम आहे, वहीत शोभून दिसेल. माझ्या ड्रम ब्रेकच्या बुलेटला तो अडॅप्टर अनेक वर्षे आहे आणि आजवर एकही ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटलेली नाही. तुमच्या सगळ्यांचे खरे दुखणे वेगळेच आहे. हल्ली पंक्चर काढून झाल्यावर व्हॉल्व्हवरचा नट कोणी रिमला घट्ट आवळतच नाही. नट सैल असला की नोझल दाबताच व्हॉल्व्ह आत जातो, मग नोझल बसणार कसे? पान्याने नट आवळा, व्हॉल्व्ह ताठ उभा राहतो, आणि कोणतेही नोझल बसते.

कराडकर

वाचकांनी कृपा करून असे काहीही करू नये. आमचे टायरचे दुकान वडिलांच्या काळापासूनचे आहे आणि नट पान्याने आवळलेल्या ट्यूब मी रोज बघतो. हवा कमी असताना ब्रेक दाबला किंवा जोरात वेग घेतला, की टायर रिमवर किंचित सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. नट सैल असेल तर व्हॉल्व्ह तिरका होतो, तो डोळ्यांना दिसतो आणि माणूस वेळेत सावध होतो. नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह जागचा हलत नाही, ट्यूब मात्र सरकते, आणि व्हॉल्व्ह मुळासकट उपटून येतो. त्याला पॅच लागत नाही, ट्यूब फेकावीच लागते. नट रिमपासून सोडवून वर टोपीला टेकवावा, ही साधी रीत आहे.

जुनी थंपर

म्हणजे गाडीच्या कंपनीने नट दिला तो शोभेसाठी काय? दुकानदारांना ट्यूब विकायच्या असतात हे सर्वांना माहीत आहे.

कराडकर

ट्यूब विकायच्या असत्या, तर नट आवळा असाच सल्ला दिला असता. आपल्याला एवढाही तर्क जमत नसेल तर चर्चा कशाला करता?

एकवीस इंची

दोघांनीही जरा दमाने घ्यावे. नट शोभेचा नाही आणि तो रिमला गच्च बसावा म्हणूनही नाही. टायर चढवताना व्हॉल्व्ह रिमच्या छिद्रातून परत आत पळू नये आणि पहिली हवा भरताना तो ताठ राहावा, यासाठी तो असतो. त्यामुळे हवा भरण्यापुरता हाताने टेकवायचा आणि मग वर सोडवायचा, यात दोघांचेही म्हणणे बसते. खडकाळ वाटेवर मुद्दाम कमी हवेने चालवणाऱ्यांसाठी टायर धरून ठेवणारे रिम लॉक वेगळे मिळते. ते काम नटाकडून करून घेऊ नये. माझ्या हिरोच्या एक्सपल्स मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह आंबोलीच्या अलीकडे पार आडवा झालेला दिसला, म्हणून मी थांबलो. तेव्हा नट आवळलेला असता, तर तो मुळातून तुटल्यावरच मला कळले असते.

निवांत स्वार

नटाचे महाभारत चालू द्या, पण पंपांबद्दल कोणीच का बोलत नाही? पेट्रोल पंपावर हवा मोफत देणे बंधनकारक आहे, तरीही आमच्या भागातल्या एका पंपावर हवेचे यंत्र कायम बंद आणि शेजारी पैसे घेऊन नायट्रोजन भरणारे यंत्र कायम सुरू. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, हे त्यांना सांगून उपयोग नाही. मी शेवटी बॅटरीवरचा छोटा कॉम्प्रेसर घेतला. त्याची नळी लवचीक असते आणि व्हॉल्व्हवर आट्यांनी बसते, त्यामुळे स्पोकच्या गर्दीतूनही ती सहज आत जाते. नळी सोडवताना थोडी हवा निसटते, म्हणून एक-दोन पीएसआय जास्त भरायची. आणि भरायची ती सकाळी, टायर थंड असताना. १० अंश तापमान वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो.

घाटवाट

निवांत स्वार यांचा उपाय मला मान्य आहे. आमच्यासारख्यांना खरे तर एवढेच हवे होते, आणि त्यासाठी कोणी अलॉयकडे बोट दाखवण्याची गरज नव्हती. ज्यांना ट्यूबच नको, त्यांच्यासाठी स्पोक रिमच्या कडेला अडकवण्याची, म्हणजे हवा निसटेल अशी स्पोकची छिद्रे रिमच्या मधोमध न ठेवण्याची रचना बीएमडब्ल्यूने १९८७ मध्येच आर १०० जीएस या मोटारसायकलवर आणली होती; आपल्याकडे रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ला ट्यूबलेस स्पोकची चाके २०२४ मध्ये मिळू लागली, तीही जादा पैसे मोजून. जुन्या गाडीवाल्याने काय करावे, हा प्रश्न तसाच राहतो.

जुनी थंपर

ठीक आहे, विद्वानांनो. काल संध्याकाळी नट सोडवून वर टोपीपर्यंत नेला आहे, कराडकरांच्या दुकानाचा तेवढाच तोटा. अडॅप्टर मात्र काढणार नाही. ड्रमच्या चाकात तो कुठेही घासत नाही आणि वाकून वाकून माझी कंबर आता राहिलेली नाही. ज्यांची कंबर शाबूत आहे त्यांनी खुशाल रोज लावावा आणि काढावा.

कराडकर

कंबरेचे कारण मला पटले, हिशेब चुकल्याचे नाही. अडॅप्टर ठेवायचाच असेल, तर निदान त्याच्या तोंडावर टोपी लावा. परवाच्या संदेशासोबत तुम्ही जो फोटो टाकला होता, त्यात तोंड उघडे दिसते आहे, आणि एकदा व्हॉल्व्हच्या आतल्या, हवा अडवणाऱ्या पिनेत माती गेली की ती नीट बसत नाही.