सोपाऱ्याच्या करंड्यातल्या १३ खापऱ्या: बुद्धांचं भिक्षापात्र मातीचं की दगडी?

नालासोपारा_पश्चिम:
बुद्धांच्या भिक्षापात्राबद्दलची एक गाठ सुटत नाहीये. परंपरेनुसार पात्र दगडी. चार लोकपालांनी, म्हणजे चार दिशा राखणाऱ्या देवांनी, चार पात्रं दिली, ती एकात एक मिसळली आणि काठावर चार रेषा राहिल्या. इकडे सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात, म्हणजे तिथल्या स्तूपात, पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये मिळालेले तुकडे याच पात्राचे मानले जातात, पण ते चक्क मातीचे आहेत. आणि कंदहारचं म्हणून जे अवाढव्य दगडी पात्र आज काबूलच्या संग्रहालयात आहे, ते तिसरंच. मूळ पात्र गेलं कुठे? सोपाऱ्याचा दावा कितपत टिकतो? आणि मुंबईत हे सगळं कुठे पाहायला मिळतं?

पालीवाचक:
आधी कंदहारचं पात्र बाजूला ठेवू, कारण ते मापातच बाद होतं. चिनी यात्रेकरू फा-हिएन इ. स. ४०० नंतर लवकरच पुरुषपुराला, म्हणजे आजच्या पेशावरला, पोचला. तिथे पाहिलेल्या पात्राचं त्याने केलेलं वर्णन नेमकं आहे: दोन 'तोऊ'हून (तोऊ हे चिनी माप) थोडं जास्त मावतं, रंग मिश्र पण काळा जास्त, चार रेषा स्पष्ट, जाडी इंचाच्या पाचव्या हिश्शाएवढी, वर झळाळी. त्या काळचा तोऊ साधारण दोन लिटरचा धरला तर पात्र चार-साडेचार लिटरचं होतं. अर्धगोल आकाराला तोंडाचा व्यास वीतभराहून थोडा जास्त, २५ सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे माणसाने हातात धरून दारोदार न्यावं असं भांडं. कंदहारच्या पात्राचा व्यास सुमारे पावणेदोन मीटर आहे आणि त्यात शेकडो लिटर मावेल. त्याच्या तळाशी कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या आहेत, म्हणजे बौद्ध वास्तूशी त्याचं नातं असणार, आणि पुढे अंगावर फारसी-अरबी लेख कोरले गेले. पूज्य वस्तू आहे यात शंका नाही, पण भिक्षेला ती कुणी नेली नसणार.

पेशावरचं पात्र मात्र खरोखर हरवलं. ह्युएन-त्संग सातव्या शतकात तिथे गेला तेव्हा फक्त चौथरा उरला होता. पात्र बऱ्याच देशांतून फिरत फिरत पारसिकांकडे गेल्याचं तो लिहितो. त्यापुढे माग लागत नाही. सिंहलात, म्हणजे श्रीलंकेत, दुसरं पात्र होतं. महावंस या तिथल्या पाली इतिवृत्तानुसार ते अशोकाकडून आलं आणि वट्टगामणी राजाच्या काळातल्या स्वारीत एक तमिळ सरदार ते घेऊन समुद्रापलीकडे परतला. म्हणजे किमान दोन ठिकाणी 'तेच' पात्र पुजलं जात होतं.

आता माती की दगड. इथे बहुतेकांची एक गोष्ट नजरेतून सुटते. विनयपिटकातल्या महावग्गात तपुस्स आणि भल्लिक हे व्यापारी सातू आणि मधाचे लाडू घेऊन येतात, तेव्हा घ्यायला पात्र नाही म्हणून लोकपाल दगडी पात्रं देतात. पण पात्र का नव्हतं? याचं उत्तर जातकाच्या निदानकथेत, म्हणजे प्रस्तावनेदाखल आलेल्या बुद्धचरित्रात आहे. गृहत्यागाच्या वेळी घटीकार महाब्रह्म्याने बोधिसत्त्वाला, म्हणजे बुद्ध होण्याआधीच्या गौतमाला, दिलेलं पात्र मातीचं होतं. सुजाता खीर घेऊन आली त्याच क्षणी ते दिसेनासं झालं. सुजातेने खीर सोन्याच्या थाळीत दिली, ती थाळी नदीत गेली, आणि दगडी पात्र त्यानंतरचं. म्हणजे परंपरेतच एक मातीचं पात्र आहे आणि हरवलेलं पात्र म्हणायचं तर पहिला मान त्याचा.

शिवाय विनय, म्हणजे भिक्षूंचे आचारनियम पाहा. भिक्षूला दोनच प्रकारची पात्रं चालतात, लोखंडाची आणि मातीची. सोनं, रुपं, स्फटिक, काच, तांबं, लाकूड, सगळं निषिद्ध. अट्ठकथेप्रमाणे, म्हणजे त्यावरच्या पाली भाष्याप्रमाणे, लोखंडी पात्राला पाच भाजण्या आणि मातीच्या पात्राला दोन दिल्याशिवाय ते वापरायला योग्य होत नाही. पाच सांधे पडल्याखेरीज नवं पात्र मागायचं नाही. सांधा म्हणजे दोन बोटं लांबीची चीर. ज्या संघात चिरलेलं पात्र इतकं जपून वापरत, तिथे फुटक्या पात्राच्या खापऱ्याही जपल्या गेल्या तर नवल नाही. म्हणून 'माती आहे, सबब खोटं' हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही.

वीटमाती:
वरचं बरोबर आहे, पण 'परंपरेत मातीचं पात्र आहे' आणि 'सोपाऱ्यातल्या खापऱ्या त्याच पात्राच्या आहेत' ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्याला लेखी आधार नाही. भट्टिप्रोलूच्या स्तूपातल्या करंडकांवर लेख आहेत, पिपरहव्याच्या स्तूपातल्या करंडकावर लेख आहे, सोपाऱ्याला एक अक्षर नाही. पात्राची ओळख हा भगवानलालांचा तर्क आहे. विचारपूर्वक केलेला, पण तर्कच.

आतली रचना नीट समजून घेतली तर गोष्ट जास्त रंगते. एप्रिल १८८२ मध्ये स्तूपाच्या मध्यावरची विटांची खोली उघडली, तिच्यात झाकणाची गोल दगडी पेटी. पेटीत मधोमध अंड्याच्या आकाराचा तांब्याचा करंडा, त्याच्याभोवती कडं करून बसवलेल्या आठ कांस्यमूर्ती: सात मानुषी बुद्ध, म्हणजे गौतमासह होऊन गेलेले सात, आणि आठवा पुढे येणारा मैत्रेय. तांब्याच्या आत चांदीचा करंडा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या इवल्याशा डबीत १३ खापऱ्या. शिवाय सोन्याच्या पत्र्याची शेकडो फुलं आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं. पाच आवरणं, सगळ्यात आतलं सोन्याचं, आणि गाभ्यात कुंभाराकडची माती. इतकी निगा साध्या खापरीसाठी कुणी घेत नाही. ठेवणाऱ्यांच्या मनात ती काय होती, याबद्दल तरी संशयाला जागा उरत नाही.

अडचण काळाची आहे. नाणं दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातलं. मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या. दोन्ही एकाच पेटीत. म्हणजे स्तूप मध्ये एकदा उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. खापऱ्या पहिल्या वेळच्या की दुसऱ्या, हे पेटी सांगत नाही. नाण्यावरून खापऱ्यांचा काळ काढणारे इथेच फसतात.

मैत्रेयाचं असणं मात्र मला फार महत्त्वाचं वाटतं. फा-हिएनने सिंहलात ऐकलेल्या प्रवचनात पात्राचा प्रवास सांगितला होता: वैशाली, गांधार, पुढे मध्य आशिया, चीन, सिंहल, परत मध्यदेश आणि मग तुषित स्वर्गात मैत्रेयापाशी. पात्र एका बुद्धाकडून पुढच्या बुद्धाकडे जातं ही श्रद्धा. सोपाऱ्याला सात बुद्धांच्या आणि येणाऱ्या आठव्याच्या मध्ये तो करंडा बसवला आहे. आठव्या-नवव्या शतकात ज्यांनी तो पुन्हा रचला, ते आत पात्रच आहे असं मानत होते, याचा माझ्या मते हाच सर्वात बळकट पुरावा.

नालासोपारा_पश्चिम:
मैत्रेयाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, आभार. खापऱ्यांची शास्त्रीय चाचणी करता येणार नाही का?

भट्टीवाला:
येईल, पण क्रम चुकला तर पुरावा कायमचा जातो. भाजलेल्या मातीचा काळ काढायला तापदीप्ती पद्धत वापरतात. शेवटच्या भाजणीनंतर मातीतल्या कणांनी किरणोत्साराची किती ऊर्जा साठवली ते तापवून मोजायचं. त्यासाठी मंद लाल उजेडात वरचा सुमारे दोन मिलिमीटरचा थर काढून आतली पूड घ्यावी लागते. इतक्या लहान खापरीत तो थर काढल्यावर उरणार काय? दुसरं, वर्षाला किती मात्रा मिळाली हे खापरीच्या मातीवर आणि आजूबाजूच्या मातीवर अवलंबून असतं. ही खापरी सोनं-स्फटिक-दगडाच्या आत होती आणि त्याआधी कुठे होती ते कळत नाही. उत्तरात शतकांची चूक सहज येईल. आणि क्ष-किरण छायाचित्र किंवा सीटी स्कॅन आधी केलं तर त्याचीच मात्रा साठ्यात भर घालते, म्हणून तापदीप्ती करायची असेल तर स्कॅन नंतर.

पहिली पायरी साध्या सूक्ष्मदर्शकाची असावी. गंगेच्या गाळातल्या मातीत अभ्रकाचे चमकते कण दिसतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून झालेल्या मातीत लोह आणि टायटॅनियम जास्त. तुटलेल्या कडेवर अभ्रक दिसलं की माती उत्तरेकडून आली असण्याची शक्यता वाढते. न दिसलं तर भांडं इकडेच घडलं असावं. खापरीला ओरखडाही न पडता एवढं कळू शकतं. पात्र कोणाचं, हे मात्र कुठलंही यंत्र सांगणार नाही.

बोरिवली_फास्ट:
पाहण्याबद्दल. करंडे, मूर्ती आणि खापऱ्या फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत. रोज मांडून ठेवलेल्या नसतात, त्यामुळे जाण्याआधी चौकशी करा. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा सोपाऱ्याला सापडलेला तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तोही त्याच फेरीत होतो. अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेल्याची नोंद याच आठव्या लेखात आहे.

स्तूप पाहायला विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरा, पश्चिमेकडून रिक्षा करा आणि 'बुरूड राजाचा कोट' असंच सांगा. 'स्तूप' म्हटलं की बरेच रिक्षावाले गोंधळतात. शूर्प म्हणजे सूप आणि सूप विणणारा बुरूड, त्यामुळे शूर्पारकाच्या, म्हणजे जुन्या सोपाऱ्याच्या, टेकाडाला बुरुडाचं नाव चिकटलेलं पाहून बरं वाटतं, व्युत्पत्ती म्हणून आग्रह नाही. पावसाळ्यात विटांवर शेवाळ धरतं, तेव्हा वर चढू नका. पाय घसरतो आणि विटाही निखळतात.