टायर आणि ब्रोलियोचा थांबा
इटलीतल्या कियांती भागाच्या द्राक्षमळ्यांतून सायकलने जाताना २८ मिमी रुंदीचे टायर पुरतील का, असं एकाने विचारलंय. पुरतील, पण हाडं खिळखिळी होतील. ४० मिमीचे घ्या आणि हवा जरा कमीच ठेवा. तिथल्या पांढऱ्या, बिनडांबरी खडीच्या रस्त्यांवर कोरड्या दिवसांत उताराला बारीक खडी पायाखालच्या मोहरीसारखी सरकते. ऐन वळणावर पुढचा ब्रेक दाबलात की आडवे! (हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, म्हणून तर १९९७ मध्ये गायोले गावातून जुन्या सायकलींची 'लेरोइका' ही फेरी सुरू झाली.)

त्याच भागातला ब्रोलियोचा किल्ला मात्र चुकवू नका. कियांती वाइनला कोणती द्राक्षं लागतात, हे १८७२ च्या पत्रात मांडणारे बेत्तिनो रिकासोली तिथलेच. क्लीटचे (पेडलला अडकणाऱ्या पट्टीचे) बूट दगडी फरशीवर घसरतात, जपून.