साध्या फोनवर हवामान सल्ला: मेसेज कसा लिहायचा, अंदाज स्थानिक कसा करायचा?

बांध_३:
गटातल्या साठेक शेतकऱ्यांना हवामान सल्ला पाठवायचा आहे. निम्म्यांकडे साधे फोन आहेत. ॲप कोरडं म्हणतं आणि शेतात सर येते, मग कोणी मेसेज उघडत नाही. काय बदलावं?

पर्जन्यनोंद:
ॲपवर गावाचं नाव दिसलं म्हणून अंदाज गावापुरता नसतो. अंदाज काढणारं जागतिक संगणक-मॉडेल नकाशाचे चौकोन पाडतं, एक चौकोन साधारण ९ ते २५ किमीचा. गडगडाटी सर काहीच किमीत आटोपते. तेव्हा अंदाज स्थानिक करण्याच्या नादी लागू नका, मोजणी स्थानिक करा. तीन-चार साधे पर्जन्यमापक बसवा, झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, तोंड समपातळीत. १ मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर. पिकाला रोज ५ मिमी लागत असतील आणि २० मिमी मुरले, तर पाणी चार दिवस पुढे ढकला. स्वयंचलित मापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला की तो बिघाड सांगत नाही, शून्य दाखवतो. साध्या मापकाशी ताडत राहा.

साधाफोन:
देवनागरी एसएमएस ७० जागांचा (अक्षर, चिन्ह, मोकळी जागा, प्रत्येकाची एक जागा). पुढे गेला की ६७-६७ चे तुकडे पडतात. काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजतात. 'क्ष' तीन जागा खातो. 'पाऊस पडण्याची शक्यता आहे' यातच २४ गेल्या, आणि करायचं काय ते सांगितलंच नाही. त्यापेक्षा:
'मंगळवारी दुपारनंतर पाऊस १० पैकी ७. युरिया थांबवा, फवारणी गुरुवारी.'
६६ जागा. 'उद्या' लिहू नका. मेसेज दुसऱ्या दिवशी वाचला की उद्याचा परवा होतो. वाचता न येणाऱ्यांना रेकॉर्ड केलेला फोन लावा, पहिल्याच वाक्यात काम सांगा.

बांध_३:
पण '१० पैकी ७' म्हटलं आणि पडलाच नाही तर?

पर्जन्यनोंद:
तीनदा न पडणं त्यातच धरलेलं आहे. वहीत अंदाज आणि मापकातला पाऊस शेजारी-शेजारी लिहा. हंगामाअखेर '७' वाले दिवस मोजा. सगळ्याच दिवशी पडला असेल तरी आकडा चुकलेलाच.

काळी_माती:
'युरिया थांबवा' सरसकट नको. १०-१५ मिमी संथ पाऊस वर टाकलेला युरिया जमिनीत मुरवतो, ते हवंच असतं. जोराचा पाऊस वाहून नेतो, नुसता शिडकावा झाला तर अमोनिया होऊन उडतो. मेसेजमध्ये शक्यतेबरोबर मिमीही द्या, जागा कमी पडली तर फवारणीचा वेगळा मेसेज करा.