गावाकडची पाण्याची मोटर पुण्यातून चालवायची आहे, सॉफ्टवेअरची मांडणी कशी करू?

खालचीआळी:
साताऱ्याजवळच्या आमच्या गावी घरात आई-बाबा दोघंच असतात. नळाला पाणी पहाटे येतं, तेही एक दिवसाआड. ते अंगणातल्या हौदात पडतं आणि तिथून एक एचपीची मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. टाकी हजार लिटरची, वीस-पंचवीस मिनिटांत भरते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हौदापर्यंतच्या चार पायऱ्या त्यांना नको वाटतात, आणि आई त्या स्टार्टरला हात लावायला तयार नाही.

बाजारातला एक तयार वायफाय स्विच बसवून पाहिला. अॅपमध्ये हिरवं 'ऑन' दिसायचं आणि आई फोनवर म्हणायची, "अरे, आवाज कुठाय मोटरीचा?" लाइट गेलेली असायची. म्हणून आता स्वतःच लिहायला घेतलंय. नोकरीत दिवसभर जावा लिहितो, त्यामुळे सर्व्हरची बाजू जमेल. विजेतलं फारसं कळत नाही.

सध्याची मांडणी अशी: घरी बसवायचा ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) आणि त्याला एक रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच. भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर मॉस्किटो ब्रोकर, म्हणजे निरोपांची देवाणघेवाण करणारा प्रोग्रॅम. फोनवरचं अॅप एमक्यूटीटीने (उपकरणांमध्ये छोटे निरोप पाठवायची पद्धत) 'टॉगल', म्हणजे चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू कर, असा निरोप पाठवतं. पोचलाच पाहिजे म्हणून क्यूओएस १ (निदान एकदा तरी पोचण्याची हमी), आणि वर रिटेनही (शेवटचा निरोप ब्रोकरने जपून ठेवायचा).

मोटरीऐवजी बल्ब लावून इथे टेबलावर चाचणी घेतली. राउटर बंद केला, अॅपमधलं बटण दाबलं, चहा करून आलो, राउटर चालू केला आणि बल्ब पेटला! बल्बचं काही नाही, पण तिथे मोटर असती आणि टाकी आधीच भरलेली असती, तर सगळं पाणी शेजारच्या काकूंच्या वाळवणावर. हे कसं टाळायचं? शिवाय घरच्या फायबरला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून गाठता येणारा पत्ता, नाही, त्याचं काय? आणि हीच मांडणी गिझरला चालेल का?

पॅनेलवाला बारामती:
भाऊ, कोडचं नंतर. आधी तो निळा रिले मोटरीपासून लांब ठेवा. त्याच्यावर १० अँपिअर लिहिलंय ते बल्ब-हीटरसारख्या लोडसाठी. एक एचपीची सिंगल फेज मोटर चालताना पाच-सात अँपिअर घेते, पण उचलताना त्याच्या कितीतरी पट ओढते. काही दिवसांनी रिलेची पत्ती चिकटते. मग तुम्ही पुण्यात बसून 'बंद' दाबत राहा, मोटर आपली चालूच. मोटरीचा करंट कॉन्टॅक्टरमधून (जड लोडचा मोठा स्विच, त्याच्या कॉइलला वीज दिली की जोडतो) जाऊ द्या, रिलेने फक्त त्याची कॉइल हलवायची. कॉइलवर आर-सी स्नबर (व्होल्टेजचा उसळा शोषणारा छोटा जोड) टाका. नाही टाकलात तर कॉन्टॅक्टर सुटताना बोर्ड रीसेट होईल आणि तुम्ही आठवडाभर कोड चाळत बसाल.

हिरवं-लाल बटणवाला स्टार्टर असेल तर काम आणखी सोपं. एक रिले हिरव्या बटणाला समांतर, एक-दोन सेकंद दाबून सोडायचा. दुसरा लाल बटणाच्या सिरीजमध्ये. म्हणजे घरच्यांची बटणं जशीच्या तशी चालतात. आणि मोठा फायदा असा की लाइट गेली की होल्डिंग (स्टार्टरने स्वतःला चालू धरून ठेवणं) सुटतं, लाइट परत आली तरी मोटर आपोआप उचलत नाही. जास्त करंटपासून वाचवणारे ओव्हरलोड रिले आणि एमसीबी काढायचे नाहीत.

टाकी भरली की बंद करायचं कामही सॉफ्टवेअरवर सोडू नका. फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा तरंगता स्विच) थेट कॉइलच्या सर्किटमध्ये घाला, बोर्ड लटकला तरी मोटर बंद होईल. टाकीकडे २३० व्होल्ट नेऊ नका, मध्ये २४ व्होल्टचा रिले ठेवा.

आता तुमच्या त्या हिरव्या 'ऑन'बद्दल. मोटर चालू आहे की नाही हे मोटरीच्या वायरला विचारायचं. वायरवर सीटी (करंट मोजणारी कडी) बसवा. करंट दिसला तर चालू, नाही दिसला तर बंद. हौद रिकामा झाला की करंट नेहमीपेक्षा खाली येतो, म्हणजे ड्राय रन, पाण्याविना चालणं, हेही तिथेच पकडता येतं. आमच्याकडे शेतकरी किती वर्षं मोबाइल स्टार्टर वापरतायत! पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं 'नॅनो गणेश' त्यातलं जुनं नाव. रात्री दोनला थ्री फेज येते तेव्हा माणूस अंथरुणातून फोन लावतो. त्याला मोटर चालू करायची असतेच, पण त्याआधी लाइट आहे का आणि मोटरीने उचललं का, हे कळायला हवं असतं. ते कळलं नाही तर बॅटरी घेऊन विहिरीवर जाणं आलंच.

रानजाई:
दादांनी वायरचं सांगितलं, मी निरोपांचं सांगते. एमक्यूटीटी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनसाठी केलं. आडरानातली उपकरणं, महागडा सॅटेलाइट दुवा. तुटणारं नेट त्यात धरलेलंच आहे, पण तुटल्यावर काय व्हावं हे तुम्हाला सांगावं लागतं.

तुमचा बल्ब दोन वाटांनी पेटू शकतो. रिटेन केलेला निरोप ब्रोकर जपून ठेवतो आणि बोर्डाने सबस्क्राइब केलं की हातात देतो. आणि सेशन कायमचं ठेवलं असेल (जोडणी तुटली तरी ब्रोकर बोर्डाला लक्षात ठेवतो) तर क्यूओएस १चे निरोप रांगेत साठतात, जोडणी झाली की एकामागून एक येतात. बँकेच्या हिशेबात हे बरोबर आहे, तिथे एकही नोंद हरवता कामा नये. मोटरीच्या बाबतीत शिळा हुकूम हरवलेलाच बरा. म्हणून हुकूम रिटेन करू नका, रिटेन करायची ती बोर्डाने कळवलेली स्थिती. आधी रिटेन झालेला हुकूम काढायला त्याच टॉपिकवर (निरोपाच्या पत्त्यावर) रिकामा निरोप रिटेनसह पाठवा, नाहीतर तो भुतासारखा परत येत राहील.

'टॉगल' आजच पुसून टाका. तुम्ही आणि बाबांनी एकाच वेळी दाबलं तर मोटर चालू होऊन लगेच बंद. मी तर नुसतं 'चालू' पण पाठवणार नाही. 'पंचवीस मिनिटं चालव' असं पाठवा आणि घड्याळ बोर्डाकडे ठेवा. मध्ये नेट गेलं, तुमचा फोन मेला, सर्व्हरचं भाडं भरायचं राहिलं, तरी वेळ संपली की बोर्ड मोटर बंद करणार.

हुकुमावर वेळेचा शिक्का हवा. २०१९ च्या एमक्यूटीटी ५ मध्ये निरोपाला मुदत घालायची सोय आहे, पण बोर्डासाठीची पबसबक्लायंटसारखी लोकप्रिय लायब्ररी एमक्यूटीटीच्या जुन्या ३.१.१ आवृत्तीवरच आहे. तेव्हा शिक्का निरोपातच घाला आणि बोर्डाने एनटीपीवरून (नेटवरची घड्याळसेवा) घेतलेल्या वेळेशी ताडून पाहा. तीस सेकंदांपेक्षा जुना 'चालव' फेकून द्यायचा. बोर्डाला अजून वेळ मिळालेली नसेल तरीही फेकायचा. 'बंद' मात्र कितीही जुना असला तरी ऐकायचा.

अॅपमध्ये दोन रंग पुरणार नाहीत. 'सांगितलं, उत्तर नाही', 'चालू', 'बंद' आणि 'घराशी संपर्क नाही' असं वेगवेगळं दिसू दे. शेवटच्यासाठी लास्ट विल लावा, म्हणजे बोर्ड गप्प झाला की ब्रोकरने त्याच्या वतीने द्यायचा निरोप. कीपअलाइव्ह (बोर्डाने 'मी आहे' कळवायची मुदत) ६० सेकंद असेल तर बोर्ड गप्प झाल्यावर साधारण ९० सेकंदांत ब्रोकर ते जाहीर करतो. लाइट गेली की राउटरही जातो, तेव्हा आईंना फोन करायच्या आधी तुम्हाला इथेच कळेल.

खालचीआळी:
ताई, 'शिळा हुकूम हरवलेलाच बरा' हे डोक्यातच आलं नव्हतं, नोकरीत बरोबर उलटं शिकवलंय. पब्लिक आयपीचं राहिलं. राउटरवर पोर्ट उघडावा लागेल का?

रानजाई:
नाही, आणि उघडूही नका. बोर्ड स्वतः बाहेर पडून ब्रोकरला जोडतो, त्यामुळे तुमच्या इंटरनेट कंपनीने शंभर घरांना एक आयपी दिला असला तरी अडत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने उघड्यावरचे कॅमेरे आणि राउटर कारखान्यातल्याच पासवर्डने ताब्यात घेतले होते. ब्रोकरवर टीएलएस (एनक्रिप्टेड जोडणी), म्हणजे ८८८३ पोर्ट, आणि प्रत्येक फोनला व बोर्डाला वेगळा पासवर्ड. एसीएल (कुणाला काय करता येईल याची यादी) अशी लावा की फोनला हुकूम लिहिता येईल, पण स्थिती लिहिता येणार नाही. क्लायंट आयडीही (ब्रोकरला जोडताना सांगायचं नाव) वेगळे ठेवा. दोघांचा एकच असेल तर ब्रोकर एकाला घेताना दुसऱ्याला बाहेर काढतो, आणि दोघं दिवसभर तेच खेळत बसतात.

पॅनेलवाला बारामती:
गिझरचं माझं उत्तर. दोन किलोवॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर सतत, तिथेही कॉन्टॅक्टरच. त्याला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो, त्यामुळे ताई म्हणतात तसं वेळ बांधून चालवायला माझी हरकत नाही. इस्त्री आणि रूम हीटर लांबून चालू करायची सोय मी कुणाला करून देत नाही. फक्त बंद करायची देतो. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

खालचीआळी:
पटलं. स्टार्टर कुठल्या प्रकारचा आहे ते बघायला बाबांना झाकण उघडून फोटो पाठवायला सांगतो.

पॅनेलवाला बारामती:
बाबांना अजिबात झाकण उघडायला लावू नका. आत कपॅसिटर असतो, लाइट बंद केली तरी झटका देऊ शकतो. बाहेरून फोटो काढू दे, बटणं दिसली तरी मला कळेल. आतलं काम गावातल्या वायरमनकडून, एमसीबी पाडून. कॉइल किती व्होल्टची आहे तेवढं त्याला वाचून सांगायला सांगा, मग रिलेची जोडणी कागदावर काढून देतो.